भूदरभाईंचा दुसरा आकडा

भूदर त्रिकमचं दुकान कुठे आहे असं भावनगरात कुणाला विचारलंत, तर माणूस आधी तुमच्याकडे कीव आल्यासारखं बघेल. पत्ता सांगायची पद्धतच नाही. वडवा भागात शिरायचं, ओवा, मिरी आणि तापल्या तेलाचा वास आला की वळायचं. दुकानावर पाटी आहे, पण धुरानं ती इतकी काळी झालीय की तिच्यावर काय लिहिलंय ते भूदरभाईंनाही आठवून सांगावं लागतं. आणि पाटी हवी कुणाला? माणूस कढईमागे दिसतोच. अंगात बनियन, खांद्यावर घाम पुसायचा फडका, आणि तोंडात कायम काहीतरी.

गाठिये करणारे आमच्या गावात पैशाला पासरी. पण भूदरभाईंच्या हाताची गोष्ट वेगळी, हे त्यांचे वैरीसुद्धा मान्य करतात, आणि वैरी म्हणजे समोरच्या चौकातला दुसरा गाठियावाला. मऊ बेसनाचा गोळा लाकडी पाटल्यावर ठेवायचा, तळहाताच्या मुळानं दाबत पुढे न्यायचा, की पिळदार गाठिया सुटून थेट कढईत. पाटला सागवानी. चौदाव्या वर्षी मामाकडे शिकायला बसले तेव्हापासूनचा. मामा गेले, मामाचं दुकान गेलं, पाटला भूदरभाईंनी डोक्यावर घेऊन इथे आणला. इतक्या वर्षांच्या घासण्यानं त्याला मधोमध खळगा पडलाय, पण बदला म्हणायची कुणाची छाती नाही.

मीठ आणि पापडखार मात्र त्यांनी कधी वजन करून घातला नाही. मूठ हेच माप. पाण्यात विरघळवायचं, तेल घालून पांढरं होईस्तोवर फेटायचं, बोट बुडवून जिभेला लावायचं. मग पहिल्या घाण्यातला एक गाठिया तोंडात, दुसऱ्या घाण्यातला एक, आणि पुढे मोजदाद कोण ठेवतो! सकाळी सहापासून दुपारपर्यंत तो माणूस चाखतच असायचा. नोकर करसन म्हणायचा, "काका, गिऱ्हाइकाआधी तुम्हीच अर्धं दुकान खाता." त्यावर भूदरभाई झारा उगारायचे आणि चाखायचे.

त्यांच्यापेक्षा खरी जीभ एकाच माणसाची, ती त्यांच्या बायकोची, लाभूबेनची. दुकान नवं होतं तेव्हा दोघं एका खोलीत राहायची, तिथेच चूल, तिथेच कढई. लाभूबेन घाण्यातला तुकडा तोंडात टाकून नुसती भुवई उचलायच्या आणि भूदरभाई समजायचे की मीठ कणभर जास्त झालं. पुढे मुलं झाली, घर झालं, लाभूबेन घरात राहिल्या. मुलगा सुरतेला हिऱ्यात गेला, मुलगी सासरी गेली. घरात उरली दोघंच. लाभूबेन आधी त्यांना वाढायच्या, ते जेवून आडवे झाले की मग स्वतः स्वयंपाकघरात बसून जेवायच्या. आमच्याकडे त्या पिढीत सगळ्याच घरांत तसं होतं, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात भूदरभाईंच्या पायात चप्पल शिरेना. पाय सुजले होते. झोपलं की दम लागे, म्हणून ते भिंतीला टेकून बसून झोपायला लागले. "गॅस आहे, गॅस," म्हणत ओव्याची फक्की मारत राहिले. शेवटी एका सकाळी चार पावलं चालून ते ओट्यावर मटकन बसले, आणि लाभूबेननी रिक्षा बोलावली.

डॉक्टर हेत्वी मांकड या आमच्याच गावच्या. फ्रॉकमध्ये होत्या तेव्हा आजोबांचं बोट धरून दर रविवारी भूदरकाकांकडे गाठिये खायला यायच्या. आता हृदयाच्या डॉक्टर होऊन बसल्यात, पण तोंडातलं 'काका' सुटलेलं नाही. त्यांनी काकांना दवाखान्यात ठेवून घेतलं, अंगातलं पाणी उतरवलं, हृदयाच्या नळ्यांचं चित्र काढलं. नळ्या साफ निघाल्या. दमलं होतं ते हृदयच.

"काका, पंप थकलाय," हेत्वीबेन म्हणाल्या. "बंद नाही पडलेला. पण त्याला आता सांभाळायचं. मीठ बंद."

"म्हणजे कमी?"

"बंद म्हणजे बंद."

"बेटा, मी गाठियावाला आहे!"

"म्हणून तर दोनदा सांगितलं. आणि पापडखार पण मिठातच धरायचा, उगाच वकिली नको."

भूदरभाईंच्या मनात नेमकी तीच वकिली होती. 

मग हेत्वीबेननी त्यांना रक्तातले दोन आकडे समजावले. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं आणि हे दोन आकडे बघायचे. "पहिला आकडा फुगवट्याचा. अंगात पाणी साठलं, हृदय ताणलं गेलं की हा वाढतो. पाणी उतरलं की हाही उतरतो. दुसरा झिजेचा. याला ट्रोपोनिन म्हणतात. हृदयाच्या मांसातलंच ते एक प्रथिन. मांस धड असेल तर ते आतच राहतं. पेशी मरायला लागल्या की रक्तात झिरपतं."

भूदरभाईंचा चेहरा कोरा.

"तुमच्या पाटल्याला खळगा कसा पडला, काका?"

"घासून."

"मग ते लाकूड गेलं कुठे?"

भूदरभाईंनी जरा विचार केला आणि त्यांना एकदम हसू फुटलं. "अरे, गावानं खाल्लं की!"

"तेच. तुमचं हृदय असंच झिजतंय आणि त्याचा भुसा मला रक्तात दिसतो. झटका आला तर हा आकडा एकदम उसळतो. तुमचा उसळलेला नाही, पण असायला हवा त्यापेक्षा वर आहे. तो तिथेच थांबवायचा. माझं सगळं लक्ष या दुसऱ्या आकड्यावर आहे."

लाभूबेन सगळं कान देऊन ऐकत होत्या. घरी आल्या आणि त्यांनी मिठाची बरणी फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर टाकली. लोणच्याच्या बरण्या शेजारणीला देऊन टाकल्या. त्या दिवसापासून घरात भूदरभाईंच्या ताटात सगळं अळणी. बाजरीचा रोटला अळणी, वांग्याचं भरीत अळणी, खिचडी तर बोलायलाच नको. भूदरभाई एकेक घास औषध घेतल्यासारखा गिळायचे आणि म्हणायचे, "लाभू, यापेक्षा गवत बरं."

"गवताला पण मीठ नसतंच," लाभूबेन म्हणायच्या आणि वर आणखी एक रोटला वाढायच्या.

घरात ही शिस्त. आणि दुकानात? आता काय सांगायचं तुम्हाला! पंधरा दिवस त्या माणसानं जीभ आवरली. करसनला चाखायला लावलं. पण करसनच्या गालात उठल्यापासून झोपेपर्यंत माव्याची गोळी, सुपारी, तंबाखू, चुना सगळं एकत्र मळलेलं. त्या जिभेला मीठ आणि माती सारखीच. एक दिवस गाठिये फिके, दुसऱ्या दिवशी खारट. गिऱ्हाइकं बोलायला लागली की भूदरभाईंचा हात गेला. आजारी म्हणा, म्हातारा म्हणा, चालेल. हात गेला म्हणालात की तो माणूस पेटला. त्यानं झारा हातात घेतला, पहिल्या घाण्यातला एक गाठिया तोंडात टाकला आणि डोळे मिटले. पुन्हा होतं तसं सुरू झालं.

राहता राहिलं रक्त. त्याचीही तोड भूदरभाईंनी काढली, आणि ती त्यांना गल्लीतल्या पोरींनी दिली.

आषाढात आमच्याकडे लहान मुली गौरीव्रत धरतात. टोपलीत गव्हाचे जवारे पेरायचे, त्यांची पूजा करायची आणि पाच दिवस अळणी खायचं, चांगला नवरा मिळावा म्हणून. पाचव्या दिवसानंतर व्रत सुटलं की या सगळ्या चिमण्या नवे कपडे घालून, हातावर मेंदी मिरवत भूदरभाईंच्या दुकानावर धाडी घालतात. गंमत अशी की पहिला घास तोंडात टाकला की दरवर्षी सगळ्यांची तोंडं वाकडी. "काका, मिठागर उलटवलं का कढईत?" भूदरभाई पोट धरून हसतात. "अगं बायांनो, मीठ तेवढंच आहे. तुमची जीभ धुतलीय. उद्या या, मग बघा कसे लागतात." दुसऱ्या दिवशी त्याच पोरी द्रोण चाटूनपुसून खातात.

त्या वर्षी पोरींकडे बघता बघता भूदरभाईंच्या डोक्यात किडा वळवळला. पाच दिवस! पोरींना पाच दिवस जमतं, तर आपल्याला का नाही?

झालं. रक्ताची तारीख आली की आधीचे पाच दिवस भूदरभाई व्रताला बसायचे. दुकानात काही चाखायचं नाही, करसनच्या मेलेल्या जिभेवर गाडी हाकायची, आणि वरून लघवीची गोळी एकाऐवजी दोन. अंगातलं पाणी सपकन उतरायचं. पहिला आकडा असा छान यायचा की हेत्वीबेन खूश. बाहेर आले की भूदरभाई थेट दुकानात, आणि पहिला घाणा.

करसनला सगळं ठाऊक होतं. पाच दिवस तो खदाखदा हसायचा. "काय काका, गौरमा बसल्या वाटतं? नवरा कसा हवाय, गोरा की सावळा?"

"तुझ्यासारखा नको, एवढंच मागतोय. आणि घरी बोललास तर कढईत घालीन."

करसन घरी बोलला नाही. लाभूबेन मात्र गल्लीभर सांगत फिरायच्या, "मीठ सोडल्यापासून बघा कसा आकडा उतरला. डॉक्टरबेननी स्वतः शाबासकी दिली." हे ऐकताना भूदरभाईंना कसंतरी व्हायचं. पण कसंतरी होणं आणि तोंड उघडणं यात फार अंतर असतं.

असं वर्षभर चाललं. शाळकरी पोरासारखी परीक्षेपुरती तयारी करून हा साठीतला माणूस दर वेळी पास होत होता. पण प्रश्नपत्रिकेत दुसरा आकडाही होता, आणि तो पाच दिवसांच्या व्रतानं फसणारा नव्हता.

यंदा पावसाळा संपता संपता हेत्वीबेननी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला. "काका, पहिला आकडा सुरेख आहे. दर वेळी सुरेख असतो. पण दुसरा बघा. मागच्या वेळेपेक्षा वर. मागचा त्याच्या मागच्यापेक्षा वर. उसळत नाहीये, चढतोय. हृदय आरामात असेल तर मग झिजतंय कशानं?"

भूदरभाई पंख्याकडे बघायला लागले.

"काकी, खरं सांगा. हे घरात मीठ खातात?"

लाभूबेन ताठ झाल्या. "ठाकोरजींची शपथ, बेटा. कण नाही. मी स्वतः रांधते, स्वतः वाढते."

"मग मला पुन्हा नळ्या बघाव्या लागतील. अहमदाबादला पाठवते. काही नवीन अडकलं असेल." हेत्वीबेनचा आवाज उतरला. "हा दुसरा आकडा असाच चढत राहिला, तर पुढच्या दिवाळीची खात्री मी देणार नाही."

लाभूबेनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांनी तिथेच बसल्या जागी पदर पसरला आणि ठाकोरजींना काय काय नवस बोलून टाकले. भूदरभाईंनी त्या क्षणी बोलायला हवं होतं. जीभ हललीसुद्धा. पण बायको डॉक्टरांसमोर देवाची शपथ घेऊन बसलेली, आता तिला खोटं कसं पाडायचं? असा विचार करून त्यांनी तोंड मिटलं. पुरुषमाणसाला गप्प बसायचं असलं की कारणांची कमतरता पडत नाही.

पण हेत्वीबेन या काही लाभूबेन नव्हत्या. दोन आकडे दोन गोष्टी सांगतायत म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांना दिसत होतं, आणि रक्त कशाला खोटं बोलेल? पुढच्याच रविवारी सकाळी दुकानासमोर ही गर्दी, द्रोण नाचतायत, तळलेल्या मिरच्यांचा ठसका उठलाय, आणि हेत्वीबेन स्कूटरवरून उतरल्या. मागे बसलेले लॅबवाले इक्बालभाई, हातात बर्फाची पेटी. भूदरभाईंनी नुकताच घाणा काढून एक गाठिया तोंडात टाकला होता. नजरानजर झाली. गाठिया थुंकावा की गिळावा हे त्यांना ठरवता येईना. शेवटी गिळला.

"बाही वर करा, काका."

"बेटा, आत्ता? गिऱ्हाइकं..."

"बनियन घातलंय, बाही पण नाही. हात पुढे करा."

गिऱ्हाइकांत हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "इक्बालभाई, रक्त काढताय की बेसन?" इक्बालभाईंनी दंडाला पट्टा आवळला, कढईखालच्या जाळाच्या उजेडात शीर शोधली आणि नळी भरून घेतली. हेत्वीबेननी जाताना पाटल्यावर हात फिरवला, खळग्यावर जरा थांबवला, आणि स्कूटर सुरू केली. तेवढ्यानंच भूदरभाईंना धडकी भरली.

दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावणं आलं. हेत्वीबेननी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. पहिला आकडा, जो दर वेळी सुरेख असायचा, तो व्रताशिवाय पाहिला तर कितीतरी पट वर गेला होता.

"काकी, तुमची काही चूक नाही. घरात कण नसेल. दुकानात काका दिवसभर चाखतात. मी डोळ्यांनी पाहिलं. पाणी साठतं, हृदय ताणलं जातं, त्यात मांस मरतं. मग तपासणीआधी चार दिवस चाखणं बंद, गोळ्या जादा, हो ना काका? मूत्रपिंडं गेली असती त्या गोळ्यांनी! पाणी उतरलं की पहिला आकडा उतरतो. पण मेलेलं मांस चार दिवसांत परत येत नाही. मला फसवलंत, ठीक आहे. दुसऱ्या आकड्याला कसं फसवणार होता?" हेत्वीबेननी दोन्ही कागद पालथे घातले. "माझे आजोबा गेले तेव्हा मी एवढीशी होते. रविवारी तुम्ही मला फुकट द्रोण द्यायचात. मला तुम्हाला असं मरू द्यायचं नाहीये, काका. नळ्यांमध्ये काही नाही, अहमदाबादही नको. फक्त तुमची ही जीभ आवरा."

भूदरभाईंनी मान खाली घातली. लाभूबेन एक शब्द बोलल्या नाहीत. रिक्षातही नाही. घरी आल्यावर त्यांनी ताट वाढलं, नेहमीसारखं अळणी, पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्या आत निघून गेल्या. भूदरभाईंना वाटलं, भांडी आपटावीत हिनं, शिव्या द्याव्यात, आईबाप काढावेत माझे. काही नाही. चार दिवस घरात नुसती भांडी वाजत राहिली, तीही हळू.

या चार दिवसांत दुकानात करसन चाखत होता आणि गिऱ्हाइकं नाकं मुरडत होती. पाचव्या दिवशी भूदरभाई सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"लाभू, एक काम होतं."

लाभूबेन पीठ मळत राहिल्या.

"दुकानात ये. मी नाही चाखत आता, खरंच नाही. पण करसनला कळत नाही. तुझ्याइतकी जीभ कुणाची नाही, हे तुला पण माहीत आहे. पहिला घाणा तू बघ. मग मूठ ठरवून टाकू, वजन करून लिहून ठेवू."

लाभूबेननी हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि निघाल्या. कित्येक वर्षांनी त्या कढईजवळ उभ्या राहिल्या. करसननं लगबगीनं स्टूल पुसलं. "या काकी, या! आता गावाचं नशीब उघडलं."

भूदरभाईंनी मूठ घातली. तीच मूठ, इतक्या वर्षांची. घाणा काढला, गरम गाठिया पानावर ठेवून पुढे केला. लाभूबेननी तुकडा तोडून तोंडात टाकला.

त्यांचं तोंड वाकडं झालं. "मिठागर उलटवलंत का कढईत?"

"काय?"

"खारट आहे. केवढा खारट!"

भूदरभाईंनी करसनकडे पाहिलं. करसननं एक खाल्ला, त्याला अर्थात काहीच कळलं नाही. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं एक उचलला, चावला आणि म्हणाला, "वाह भूदरभाई! आज हात परत आला."

"काही तरी काय!" लाभूबेन म्हणाल्या. "जिभेला चटका बसतोय मिठाचा."

भूदरभाईंना आधी राग आला. चार दिवसांचा अबोला आणि आता ही गाठियात खोट काढतेय, असं त्यांना वाटलं. "लाभू, तीच मूठ आहे. तुझ्याच जिभेनं ठरवलेली मूठ आहे ही!"

"मला लागलं ते सांगितलं."

त्यांनी आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. हेच शब्द त्यांनी दरवर्षी ऐकले होते. आषाढात, मेंदीवाल्या हातांच्या पोरींकडून. तेच वाकडं तोंड, तेच मिठागर. अख्ख्या भावनगरात या वाकड्या तोंडाचा अर्थ कुणाला कळत असेल तर तो भूदरभाईंना. ही धुतलेली जीभ होती. आणि आषाढ तर केव्हाच सरला होता.

तेल धुरायला लागलं होतं. करसननं घाईघाईनं आच कमी केली.

"लाभू," भूदरभाईंनी झारा खाली घेतला, "कधीपासून?"

लाभूबेननी पदराचं टोक नीट केलं. "काय कधीपासून?"

"तू मीठ कधीपासून खात नाहीस?"

"तुम्ही दवाखान्यातून आलात तेव्हापासून." त्या कढईकडे बघत बोलल्या. "एका घरात दोन भाज्या कशाला करायच्या? आणि तुम्ही तिकडे एवढं तोंड वाईट करून गिळता, मी इकडे लोणच्याशी खाऊ? मला जाईल का ते?"

भूदरभाई झारा हातात घेऊन उभेच. दोन वर्षं. आपण गाठिये चाखत होतो, आपण खोटे पास होत होतो, आणि ही आपल्यामागे स्वयंपाकघरात बसून एकटी अळणी जेवत होती. त्यांना रडू कोसळलं. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, फडक्यात तोंड खुपसून तो जाडजूड माणूस पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

"पुरे हो," लाभूबेन चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी नीट बोलल्या, "तेलात पाणी पडेल."

"मला कधी सांगितलंस का नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? लहानपणी पाच वर्षं गौरीव्रत केलं मी, चांगला नवरा मिळावा म्हणून. मिळाले तुम्ही." त्यांनी करसनकडे पाहिलं. "मला वाटलं, व्रतात काहीतरी कमी राहिलं असेल. ते पुरं करत होते."

गिऱ्हाइकं हसली, करसन हसला, भूदरभाईही रडता रडता हसले.

त्या दिवशी मीठ आणि खार तराजूत पडला. मूठ तोलली, आकडा भिंतीवर कोळशानं लिहिला. पण चाखायला तरी कुणी हवंच, बेसन दर वेळी सारखं नसतं. लाभूबेनची जीभ आता कामाची नव्हती, भूदरभाईंनी आपली आवरली होती. त्यांनी मोर्चा करसनकडे वळवला.

"मावा थुंक."

"काका!"

"मी मीठ सोडलं, तू मावा सोड. तुझी जीभ जिवंत झाली तरच हे दुकान चालेल."

"काका, तुमच्या हृदयाचं आहे ते, माझा काय गुन्हा?"

"तू सगळं जाणून गप्प बसलास, हा गुन्हा. काकीसमोर बोल, बसलास की नाही?"

करसननं काकीकडे पाहिलं आणि गटाराशी जाऊन थुंकला. पुढचा महिनाभर तो इतका चिडका झाला होता की गिऱ्हाइकं त्याच्याकडून द्रोण घ्यायला घाबरायची. पण जीभ जागी झाली त्याची. आता तो भुवया उचलायला शिकलाय, आणि त्याचा तोरा काही विचारू नका.

त्या दिवशी दुपारी भूदरभाई घरी आले तेव्हा लाभूबेननी त्यांचं ताट मांडलं. ते बसले नाहीत. आत गेले, दुसरं ताट आणलं, समोर ठेवलं. "बस."

"मी मागाहून..."

"बस म्हणतो ना."

लाभूबेन अवघडून बसल्या. भूदरभाईंनी हात लांब करून लाभूबेनच्या ताटातला रोटल्याचा तुकडा मोडला, भरीत लावलं आणि तोंडात टाकलं. चावत राहिले. मिठाचा कण नव्हता.

"गावभराचं चाखत आलो," ते म्हणाले, "तुझ्या ताटातलं एकदा तरी चाखायला हवं होतं."

 लाभूबेननी त्यांच्या ताटात आणखी भरीत वाढलं.

नव्या वर्षातलं रक्त भूदरभाईंनी कसलीही तयारी न करता दिलं. गोळी एकच, सांगितली तेवढी. पाय पुन्हा चपलेत जायला लागले होते, तरी दवाखान्याच्या बाकावर ते घामाघूम होऊन बसले होते, आणि लाभूबेन शेजारी माळ ओढत होत्या. हेत्वीबेन कागद घेऊन स्वतः बाहेर आल्या.

"काका, पहिला आकडा तुमच्या जुन्या पराक्रमाइतका सुरेख नाही. पण खरा आहे."

"आणि दुसरा?"

"आहे तिथेच थांबलाय. वर गेला नाही. पहिल्यांदाच."

भूदरभाईंनी डोळे मिटले. लाभूबेननी माळ कपाळाला लावली, पिशवीत ठेवली आणि डॉक्टरांना विचारलं, "बेटा, मग आता मी एखादी लोणच्याची फोड खाल्ली तर चालेल?"

"तुम्ही? काकी, तुम्हाला कुणी बंदी घातली होती?"

लाभूबेननी नवऱ्याकडे पाहिलं. भूदरभाई घाईघाईनं म्हणाले, "खा, खा. बरणीभर खा. मी बघत बसेन."

संध्याकाळी शेजारणीकडून एक फोड आली. दोघं समोरासमोर जेवायला बसली होती. लाभूबेननी फोडीचा एवढासा कण जिभेला लावला, तोंड वाकडं केलं आणि वाटी बाजूला सरकवली.

"नाही हो जात आता," त्या म्हणाल्या. "वाढू का आणखी खिचडी?"